जनीच्या जवळ्याची राखण

हर्णे

प्रिय रुपाली,

फोनवर बोलले असते, पण मितेश शेजारी कान लावून बसतो. बुद्धीनं लहान राहिला तरी तुझ्या भावाला सगळं कळतं. त्याला ठेवायचा म्हणून तू पाठवलेला पुण्याच्या वसतिगृहाचा फॉर्म मिळाला. खोटं कशाला बोलू, त्याच दिवशी सही केली. दमले गं. सव्वीस वर्षांच्या मुलाची दाढी करायची, बटणं लावायची, माशांच्या लिलावाला सोबत न्यायचा. माझं वय काय थांबलंय?

चूक माझीच. तू शाळेत होतीस तेव्हापासून मी बंदरावर घरोघर सांगत फिरले, माझ्या मितेशला सांभाळून घ्या म्हणून. घेतलं हो त्यांनी. बसायला खोकं देतात, जाताना दोन बांगडे हातात ठेवतात. क्रिकेटमध्ये आउट झाला तरी आउट देत नाहीत. खेळ संपला की सगळी पोरं चहाला जातात, हा एकटाच बॅट धरून उभा. आणि मी म्हणायची, लोक किती चांगले! मेलं, इतकंही कळू नये मला?

गेल्या महिन्यात मी तापानं पडले. हा कंटाळून एकटाच किनाऱ्यावर गेला, जिथे जनी जवळा सुकवते. लिलावातल्या जागेवरून आमचा दहा वर्षांचा अबोला, तिला मी कधी काही सांगितलंच नव्हतं. तिनं याच्या हातात काठी दिली आणि राखणीला बसवलं. हा झोपला, कावळ्यांनी अर्धा जवळा उधळला. सगळ्या बंदराला ऐकू जाईल असं झापलं तिनं. रडत घरी आला. मी भांडायला उठले, तर चक्कर येऊन खालीच बसले. सकाळी बघते तर बटणं वरखाली लावून स्वारी पुन्हा तिच्याकडे! तेव्हापासून रोज जातो. दिवसभर भांडतात दोघं.

काल फॉर्मसाठी त्याचा फोटो काढायला दापोलीला जायचं म्हणून मी त्याला घरी थांबवला. नऊ वाजता जनी दारात. कमरेवर हात ठेवून विचारते, मितेश कुठंय, जवळा पसरून बसलेय, एकटीनं काय काय बघू? रुपाली, इतक्या वर्षांत आपल्या दारात त्याला बोलवायला कुणी आलं नव्हतं गं. तिच्यासमोरच रडले मी. सही खोडून फॉर्म परत पाठवतेय, त्याला कुठं पाठवायचा नाही. दमलेय अजूनही, तू रजा काढून चार दिवस ये. येताना त्याला एक घड्याळ आण. उशिरा येतो म्हणून जनी रोज ओरडते.

तुझीच,
आई