पांढऱ्या गाडीचा गुरुवार

झोराताप, तवुश
१ सप्टेंबर २०१३, रविवार

राझमिक जान,

तुझं दुखणं माझ्या अंगावर येवो. कंबर काय म्हणते? बायको-पोरांना माझा आणि शुशानचा निरोप सांग. आम्ही सगळे ठीक आहोत. फोन केला नाही, कारण हल्ली आपल्या बोलण्याला या बाजूचे दोन कान असतात आणि त्या बाजूचे दोन. म्हणून हे पत्र रोस्तोवच्या बसवाल्या वाहानबरोबर पाठवतोय. सोबत वाळवलेल्या तुतींची पिशवी आहे. त्याने ती वाटेत हलकी केली असेल तर मला कळव.

द्राक्षं यंदा अशी धरलीत की वेलींना टेकू द्यायला काठ्या पुरत नाहीत. पण वरचा अर्धा मळा कुठे आहे ते तुला ठाऊक आहे. सीमेपलीकडच्या चौकीतून तिथल्या माणसाच्या शर्टाची बटणं मोजता येतात.

नऊ वर्षांपूर्वी तू गेलास तेव्हा निरीक्षक आपल्याकडे फिरकत नव्हते. आता महिन्यातून दोनदा येतात, एक गुरुवार आड. झेंडा लावलेली पांढरी गाडी या बाजूने वर चढते, तसलीच एक त्या बाजूने येते. गाडीवर गोळी झाडणार नाही अशी हमी दोन्ही बाजूंनी आधीच दिलेली असते. परदेशी लोक एकमेकांशी वायरलेसवर बोलतात, युद्धविराम पाळला जातोय असं वहीत लिहितात आणि जातात. ते उभे असताना कोण कशाला मोडेल? दहा ते बारा. त्या दोन तासांत गाव उरलेल्या पंधरवड्याची कामं उरकतं. वरच्या मळ्याला पाणी, छपराचे पत्रे, भरकटलेली गाय. आर्मेनुहीच्या पोरीचं लग्नसुद्धा आम्ही गुरुवारी लावलं, कारण चर्चची वाट उघड्यावरून जाते. नवरदेवाचा काका नाचायला लागला तसं त्याला सांगावं लागलं, बाबा, पावणेबारा झाले, खाली जाऊन नाच.

तारीख सगळ्यांच्या आधी मला कळते. बोहुमिल म्हणून एक लांबडा निरीक्षक आहे, गाव त्याला शिडी म्हणतं. तो माझ्याच दुकानातून तुतीची दारू नेतो, आणि त्याची दुभाषी नूने आमच्याकडे जेवते. 'गारेगिनला विचार' हे इथे घड्याळ बघण्यासारखं झालंय. एके काळी बसथांब्यावर कागदाच्या पुड्यांत सूर्यफुलाच्या बिया विकणारा मी. तुझा संदेश मी जपून ठेवलाय. आईच्या कबरीचा फोटो पाठवल्यावर तू लिहिलं होतंस, 'दादा, तू असताना मला काळजी नाही.'

सेद्राककाकाच्या पायाला थोडं लागलंय. तुझ्या लग्नात तुझ्या डोक्यावर क्रूस धरून तासभर उभा राहिलेला माणूस, एवढ्या-तेवढ्याने हलायचा नाही. काळजी नको.

गिऱ्हाईक आलंय. उरलेलं उद्या लिहितो.

४ सप्टेंबर, बुधवार

उद्याचे तीन दिवस झाले. लिहायला बसायचं टाळत होतो.

आज निरीक्षक दुकानात आले. गाडी खाली शाळेपाशी होती, झेंडा गुंडाळून ठेवलेला. बोहुमिल स्टुलावर बसला, गुडघे छातीपर्यंत. दारूची बाटली पुढे केली तर त्याने हाताने बाजूला सारली. तेव्हाच मला समजलं.

"गारेगिन," त्याच्या मोडक्या रशियनमध्ये म्हणाला, "पंधरा ऑगस्टला आम्ही आलो नव्हतो. गाडीचा आस तुटला होता."

"हो. तुम्ही कळवलं होतंत."

"मग पंधरा ऑगस्टला आमची गाडी वर काय करत होती?"

मी तराजू पुसायला घेतला. नूने जमिनीकडे बघत राहिली. आगपेटी घ्यायला आलेली वार्सेनिक आजी मधेच म्हणाली, "बाळा, त्या दिवशी वर मेंढ्या होत्या. पांढऱ्या. लांबून गाडीसारख्याच दिसतात."

"झेंडा लावलेल्या मेंढ्या, आजी?"

"आमचे मेंढपाळ देशभक्त आहेत."

कोणी हसलं नाही, शिडीसुद्धा. त्याने सांगितलं, पलीकडच्यांनी लेखी कळवलंय. निरीक्षकांचा झेंडा लावून कोणीतरी पांढरी गाडी वर आणली. ती कोणाची ते कळेपर्यंत इथल्या कुठल्याही पांढऱ्या गाडीची हमी ते देणार नाहीत.

"आणि हमी नाही तर आम्ही येणार नाही. उद्या दहा वाजता आम्ही इथून निघतो. मग बहुतेक वसंतापर्यंत नाहीच."

ते गेल्यावर आपल्या चौकीचा कॅप्टन आला. दाराला पाठ लावून उभा राहिला.

"गारेगिनभाऊ, पलीकडचे खोटं बोलतात. बोलतात ना?"

"तू आईच्या जेवणाला होतास, कॅप्टन. दोनदा वाढून घेतलंस."

"म्हणूनच सांगतोय. तोंड जेवायला असतं. चौक्यांना पाव तुझ्या भट्टीतून जातो, तो दुसऱ्याच्या भट्टीतूनही जाऊ शकतो. आणि हे वरच्या साहेबांपर्यंत गेलं तर तुलाही नेतील आणि मलाही."

गाडी माझी होती, राझमिक. माझी पांढरी निवा.

आई अकरा तारखेला, रविवारी गेली. तिसऱ्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, पुरायला हवं होतं. मी तुला फोन केला आणि म्हटलं, वरच्या दफनभूमीत जाणं धोक्याचं आहे, खालच्या नव्या जागेत ठेवू या. तू ओरडलास, "आई बाबांशेजारीच जाईल. तेवढं जमत नसेल तर मला भाऊ म्हणू नकोस." आणि फोन ठेवलास. मी बाहेर येऊन लोकांना सांगितलं, गुरुवारी निरीक्षक येतायत, गुरुवारी वर नेऊ. दोन दिवस दुकानातला फ्रीझर रिकामा करून त्यातला बर्फ आईच्या खोलीत ठेवला. गल्लीतल्या पोरांना वितळतं आइस्क्रीम फुकट मिळालं. एकाने विचारलंसुद्धा, आता कोणाची आजी जाणार आहे.

बुधवारी दुपारी नूनेचा फोन आला. आस तुटलाय, येत नाही. तोवर रात्रीच्या अंधारात कबर खणून झाली होती, पाद्री येऊन बसले होते आणि ऐंशी माणसांना सांगून झालं होतं. आणखी दोन आठवडे थांबणं शक्य नव्हतं. मग मी शुशानची चादर घेतली, शाळेतला निळा रंग आणला आणि बोहुमिलने नाताळला दिलेल्या कॅलेंडरवरचा झेंडा बघून तसाच काढला.

शुशान म्हणाली, "गारेगिन, हे खेळणं नाही."

"अर्ध्या तासाचं काम आहे," मी म्हटलं.

आपल्या कॅप्टनने त्या दिवशी दुर्बीण पुसायला घेतली आणि सगळं उरकेपर्यंत पुसतच बसला. सेद्राककाका पेटी उतरवून घ्यायला कबरीत उभा होता, तिथून माझ्याकडे बघत म्हणाला, "गारो, पोरा, झेंडा उलटा लावलायस." त्याही वेळी आम्हाला हसू आलं. एकही गोळी सुटली नाही. आई बाबांशेजारी गेली. मी फोटो काढला. खाली आल्यावर लोक माझ्या पाठीवर थाप मारत होते, आणि मी मारून घेत होतो.

एकोणतीस तारखेला खरे निरीक्षक आले. सेद्राककाका पांढरी गाडी चढताना बघून नेहमीसारखा वरच्या मळ्यात पाणी सोडायला गेला. पहिली गोळी उंचावरून गेली. दुसरी गाडीच्या पुढ्यातल्या खडकावर बसली आणि उडून काकाच्या गुडघ्यात शिरली. माझ्या कानाला गोळी कुठून कुठे जाते ते कळतं. ती माणसासाठी नव्हती, गाडीसाठी होती. त्यांच्या बाजूची पांढरी गाडी अजून पोचली नव्हती, त्यांना वाटलं, पुन्हा तोच.

थोडं लागलंय असं मी लिहिलं ते खोटं. गुडघ्याचा चुरा झालाय. इजेवानच्या इस्पितळातले डॉक्टर म्हणतात, सूज उतरली नाही तर पाय काढावा लागेल. परवा भेटायला गेलो तर काकाने मला जवळ बोलावलं. म्हणाला, "मी कोणाला काही सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. तुला आत टाकलं तर मला सिगारेट कोण आणून देईल?"

अख्खं गाव गप्प आहे, राझमिक. सगळे मयताला होते, सगळे जेवले. माझ्यासाठी गप्प आहेत, आणि वर त्यांचीच द्राक्षं उभी आहेत. आज सकाळी मुख्याध्यापक विचारत होता, "गारेगिनभाऊ, पुढचा गुरुवार नक्की ना?" मला विचारत होता.

५ सप्टेंबर, गुरुवार, सकाळी

वाहानची बस नऊला सुटते. दोन गोष्टी राहिल्यात. त्या सांगितल्या नाहीत तर वरचं सगळं लिहून उपयोग नाही.

पहिली. जुलैत आई अंगणात घेवडा निवडत बसली होती. मी हिशोबाची वही घेऊन शेजारी होतो. ती मान वर न करता म्हणाली, "मला खालीच ठेव. नव्या जागेत, नासपतीच्या झाडापाशी. तुझ्या बापाने जन्मात कधी माझी वाट पाहिली नाही, आताही बघत नसेल. माझ्यामागे येणाऱ्या माणसांना वाकून चालावं लागू नये."

हे मी तुला फोनवर सांगू शकलो असतो. तू ओरडलास म्हणून नाही सांगितलं, असं मी दोन आठवडे स्वतःला समजावत होतो. पण तू फोन ठेवल्यावर लोक अंगणात माझ्याकडे बघत उभे होते, आणि त्यातलं कोणीतरी म्हणालं, गारेगिन काढेल काहीतरी वाट. गारेगिनला जमलं नाही, हे मला ऐकायचं नव्हतं. आईचं ऐकायचं सोडून मी त्या लोकांचं ऐकलं. तुझा यात दोष नाही. तुझं ओरडणं मला सोयीचं पडलं, एवढंच.

दुसरी गोष्ट गावात कोणालाच ठाऊक नाही. पलीकडच्या चौकीत दिवसभर रेडिओ चालू असायचा, तुझ्याही वेळी असायचा. गाणं बंद झालं की गोळीबार सुरू होतो, तेव्हा आपण जिथे असू तिथे खाली बसायचं, हे आपल्याला चालायला शिकतानाच शिकवलेलं. पंधरा तारखेला पेटी खांद्यावरून पुढे गेली होती. मी निवा घेऊन मागे होतो, चढावरच्या वळणाखाली, काच उतरवून. तिथून मला चौकी दिसत नव्हती आणि चौकीला मी दिसत नव्हतो. पेटी उघड्यावर आली आणि गाणं थांबलं. खांदेकरी जागच्या जागी थिजले. मी मनात मोजत होतो. वीसपर्यंत मोजलं, काही झालं नाही. मग पाद्रींचा आवाज ऐकू आला आणि पावलं पुन्हा चालू लागली.

त्यानंतर मी वळण घेऊन वर आलो, झेंडा फडकवत.

लोकांना आजही वाटतं, गाडी पाहून रेडिओ बंद झाला. गाडी तेव्हा कोणी पाहिलीच नव्हती. पलीकडच्यांनी पेटी पाहिली. कोणाची तरी आई चालली आहे म्हणून त्यांनी गाणं बंद केलं, आणि मग त्यांना त्या पांढऱ्या गाडीतून दुकानदार गारेगिन हातात फावडं घेऊन उतरताना दिसला.

तेव्हापासून तो रेडिओ लागलेला नाही. तीन आठवडे झाले. आता कधी खाली बसायचं ते आम्हाला कळत नाही. बायका खालच्या मळ्यातसुद्धा वाकून चालतात.

आईने नेमकं तेवढंच नको म्हटलं होतं.

मी आता शाळेपाशी जातोय. झेंडा दुकानाच्या पिशवीत घडी करून घेतलाय. बोहुमिलला सांगेन, गाडी माझी, चादर माझी, रंग शाळेतून न विचारता घेतला. कॅप्टनचं नाव घेणार नाही. त्याने दुर्बीण पुसली, तो काही गुन्हा नाही. आणि हे सगळं पलीकडे जसंच्या तसं कळव म्हणेन, रेडिओबद्दल मी आभार मानले तेही. नूनेला नीट भाषांतर करता यावं म्हणून मी सावकाश बोलणार आहे. शुशानने इस्त्री केलेला शर्ट काढून ठेवला. पिशवीत पाव आणि गरम मोजे घातले. किती दिवसांसाठी, ते तिलाही ठाऊक नाही.

आईचा चाळिसावा दिवस एकोणीस तारखेला येतो, गुरुवारच आहे, निरीक्षकांच्या पाळीचा नाही, पण बोहुमिलकडे मी तो मागणार आहे. त्यांनी माझं म्हणणं खरं मानलं तर त्या दिवशी पांढरी गाडी येईल आणि दहा ते बारा वाट मोकळी असेल. नाही मानलं तर धूप अंगणातूनच वर बघून लावावा लागेल. दोन्हीपैकी काहीही झालं तरी तू ये. मी असेन किंवा नसेन. मळा शुशानला एकटीला उरकायचा नाही, सेद्राककाकाचाही तसाच उभा आहे, आणि इजेवानला त्याला सिगारेट नेऊन द्यायची आहे. बसथांब्यावर उतरलास की कोणालाही गारेगिनचं घर विचारू नकोस. नुसतं आईचं नाव सांग.

मला भाऊ म्हणायचं की नाही, ते इथे येऊन ठरव. वाहान हॉर्न वाजवतोय.

त्या दिवशी वळणाखाली काच उतरवून बसलेला,
तुझा दादा,
गारेगिन