यंदा मला कोणी पोसले

मी, फान युएक्वेइ, कै. ल्यू तिंगहाइ यांची पत्नी, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा पर्सिमनची फळे सोलून वाळवणे, राहणार शिनपू, डोके ठिकाणावर आणि जीभ त्याहून ठिकाणावर असताना, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे. उजवा हात सहा वर्षांपूर्वीच्या झटक्यात गेला, म्हणून लेखणी पेंग मास्तरांच्या हाती आहे. शब्द माझे आहेत. मास्तरांनी ते सुधारू नयेत, शाळेत त्यांनी पुष्कळ सुधारले.

घर, दागिना, हत्यारे यांची वाटणी पुढे केली आहे. पण खरे सांगायचे तर त्यासाठी मी मास्तरांना बोलावले नाही. मला एकच गोष्ट ठरवून जायची आहे. येत्या मे महिन्यात यंदाच्या मिळकतीच्या कराचा फॉर्म भरताना 'आईला मी पोसले' असे माझ्या तीन मुलांपैकी कोणी लिहायचे. ज्याच्या फॉर्मवर म्हाताऱ्या आईचे नाव असते त्याला करात सूट मिळते, आणि एक आई एकाच फॉर्मवर बसते. डॉक्टर म्हणतात, नव्या वर्षाच्या जेवणापर्यंत काढाल. म्हणजे मे काही मला दिसत नाही. म्हणून आताच.

कलम १. घर. खालची खोली, वरचा मजला आणि वाळवणीची गच्ची. कायदा मुलांसाठी जेवढे राखायलाच लावतो तेवढे, म्हणजे सहावा-सहावा हिस्सा, थोरला योंगफा आणि मधला वेनबिन यांना. बाकी सगळे धाकटी चिनयिंग हिला. ती आहे तोवर घर विकू नये. शिनचूच्या दलालाने योंगफाला भाव सांगून ठेवला आहे हे मला ठाऊक आहे. दलालाला चहा द्यावा आणि वाटेला लावावे.

कलम २. सोलायचे यंत्र, चाकू आणि बांबूच्या दोनशे परड्या चिनयिंगला. हे तिला सांगायची गरज नाही, पण कागदावर असावे: नवव्या महिन्याचा वारा सुटल्याशिवाय फळ सोलू नये. तिसऱ्या दिवशी अंगठ्याने दाबावे, मधले बी हलेल इतकेच. मोठ्या दुकानांना माल देताना आधी पैसे घ्यावेत.

कलम ३. पितळेची मोठी वाफवणी शेजारीण त्सेंग यूलान हिने एकोणीस वर्षांपूर्वी मुलाच्या लग्नासाठी नेली, ती तिच्याकडेच आहे. मी ती तिलाच देऊन टाकणार होते. परंतु यूलान या मृत्युपत्राची साक्षीदार आहे आणि मास्तर म्हणतात, साक्षीदाराला वारसा मिळत नाही. यूलान समोरच बसली आहे. ती म्हणाली, "अगं, मग मला साक्षीदार तरी कशाला केलंस?" तर वाफवणी तिने परत आणून द्यावी.

कलम ४. जेडची बांगडी थोरल्या सुनेला. तिची नजर पहिल्या दिवसापासून त्या बांगडीवर आहे आणि मी पहिल्या दिवसापासून न पाहिल्यासारखे करत आले. आता तिचा हात जाड झाला आहे. साबण लावून चढते का पाहावे.

कलम ५. पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे सणावारी योंगफाने अगरबत्ती लावावी. त्याला जमले नाही तर वेनबिनने. दोघांनाही जमले नाही तर चिनयिंगने. सहा वर्षे तीच लावते आहे आणि अजून कोणा पूर्वजाने तोंड फिरवलेले नाही.

कलम ६. बँकेत आहे त्यातून माझी क्रिया करावी. तीन दिवसांपेक्षा जास्त भटजी बसवू नयेत, मला मंत्र कळत नाहीत आणि त्यांनाही फारसे कळतात असे वाटत नाही. उरेल ते तिघांत सारखे.

कलम ७. हे कलम वाटणीचे नाही. मास्तर म्हणाले, "मावशी, याला मृत्युपत्रात जागा नाही." मी म्हटले, जागा करा.

नवरा गेल्यावर पहिल्या नव्या वर्षाच्या जेवणाला दोघा भावांनी मला वाटून घेतले. विषम साल योंगफाचे, सम साल वेनबिनचे. कोंबडी अजून ताटात यायची होती. तेव्हापासून दरवर्षी जेवणाला बसले की थोरला म्हणायचा, "यंदा आई कोणाची?" आणि मधला म्हणायचा, "माझी! गेल्या खेपेला तुझी होती." आम्ही सगळे हसायचो, मीसुद्धा. चिनयिंग तेव्हा स्वयंपाकघरात असायची.

मुलगे वाईट नाहीत. योंगफा दर रविवारी फोन करतो. वेनबिन औषधी काढ्याच्या बाटल्या पाठवतो, त्या इतक्या कडू असतात की त्याचे प्रेम त्यातून दिसते. पण एका वर्षी थोरल्याला साल मोजता आले नाही आणि दोघांनीही माझे नाव लिहिले. करकचेरीची नोटीस आली. दोघे फोनवर इतके भांडले की फोन मी यूलानच्या हातात दिला. दोघांनी मला पूर्ण वर्ष पोसल्याचे सरकारला कळवले होते. त्या वर्षी माझ्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. दवाखान्याबाहेर बाकावर माझी चप्पल मांडीवर घेऊन चिनयिंग बसली होती.

आता माझे सांगते. चिनयिंगचा संसार मोडला आणि ती अकरा वर्षांपूर्वी घरी परत आली. दातांच्या कवळ्या करण्याच्या कारखान्यात नोकरी करायची, सकाळी जायची, संध्याकाळी येऊन फळे उलटायची. घरातले धान्य तिचे, विजेचे बिल तिचे. एका एप्रिलमध्ये ती माझ्यापाशी बसली आणि म्हणाली, "आई, या वर्षी तुझं नाव माझ्या फॉर्मवर लिहू का?"

मी विचारले, "कर वाचवायचाय का तुला?"

"कर नाही गं. माझा कर असतो तरी केवढा. नुसतं लिहायचंय."

मी तिला जे बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवते. मी म्हटले, "दोन मुलगे जिवंत असताना आईला मुलीनं पोसलं, आणि तीही नांदून परत आलेल्या मुलीनं, असं सरकारी कागदावर गेलं तर तुझ्या भावांनी तोंड कुठं लपवायचं?"

ती "बरं" म्हणाली आणि परड्या आत घ्यायला गच्चीवर गेली. पुन्हा तिने कधी विचारले नाही. मला झटका आला तेव्हा तिने नोकरी सोडली. तेव्हाही मी "सोडू नकोस" म्हटले नाही. मला भाताचा घास कोण भरवणार याची भीती होती. ही माझी चूक आहे. मुलग्यांची नाही, रीतीची नाही, माझी. त्या दिवशी "लिही" एवढे दोन अक्षरांचे उत्तर होते आणि ते मला देता आले नाही.

कलम ८. दर शरदात पुढच्या वर्षीच्या कराचे बदल पेपरात येतात, आणि वेनबिन ते मला फोनवर वाचून दाखवतो. यंदा फारच खुशीत होता. "आई, तुझा भाव वाढला! अंथरुणाला खिळलेल्या माणसामागची वजावट एक लाख वीस हजार होती, ती एक लाख ऐंशी हजार होणार म्हणतात. वर सत्तरीपुढचे म्हणून निराळी सूट. आणि सम साल आहे, माझी पाळी!" मी म्हटले, "बाजारात जुन्या फळाचा भाव उतरतो, माझा बरा चढतो." तो हसला. मी हे बोलत होते तेव्हा चिनयिंग माझी कूस बदलत होती. एका हाताने तिने फोन माझ्या कानाशी धरून ठेवला होता, कारण कूस बदलताना मला तो धरता येत नाही.

तेव्हाच ठरवले. म्हणून मी सांगते की एकशे चौदा सालाच्या, म्हणजे यंदाच्या, मिळकतीचा फॉर्म येत्या मे महिन्यात भरला जाईल तेव्हा, चिनयिंगने मला पोसले म्हणून, माझे नाव फक्त चिनयिंगच्या फॉर्मवर लिहावे. योंगफा आणि वेनबिन यांनी लिहू नये.

मास्तर एवढे लिहून होतात तो चिनयिंग चहा घेऊन आली. मास्तरांनी तिला कलम वाचून दाखवले. मला वाटले, रडेल. ती कप मांडत म्हणाली, "आई, मी फॉर्म भरतच नाही. सहा वर्षं झाली. मला मिळकत कुठाय? सूट मिळायला आधी कर तरी लागायला हवा."

औषधांच्या दुकानाचे लो ग्वांगहुइ तिसरे साक्षीदार आहेत, ते हातातल्या टोपीकडे पाहू लागले. मी तिला देऊ देऊ म्हटले ती वस्तू तिच्या काही कामाची नव्हती. ज्याने नोकरी सोडून आईचे केले त्याला वजावट नाही आणि ज्याने नोकरी सांभाळली त्याला आहे, हे पेपरातल्या बदलांत कुठे लिहिलेले नव्हते. आणि मी इतकी वर्षे तिच्या हातून जेवले, मला एकदाही सुचले नाही.

मी मास्तरांना करकचेरीत फोन लावायला सांगितला. तिथल्या बाई म्हणाल्या, "मिळकत शून्य असेल तर भरायची गरज नाही."

मास्तरांनी विचारले, "पण भरला तर?"

"भरला तर घेऊ. पण आजोबा, त्यातून मिळणार काही नाही हं."

मग वेनबिनला फोन लावला. तो म्हणाला, "आई, अगं वाया जाईल ती वजावट! कोणालाच फायदा नाही. असं करू, मी लिहितो आणि वाचतील ते पैसे चिनयिंगला देतो. सगळे देतो."

"पैसे दे, नको कोण म्हणतंय. नाव लिहू नकोस."

"पण त्यानं होणार काय?"

"ती लिहील. एवढंच होणार."

तो म्हणाला, "तिनं आम्हाला का नाही विचारलं कधी?" मी म्हटले, "मला विचारलं होतं रे. मी नाही म्हणाले." मग तो म्हणाला, "दादाला मी सांगतो."

म्हणून कलम ८ राहू द्यावे. चिनयिंगने मे महिन्यात फॉर्म भरावा. मिळकतीच्या रकान्यात शून्य लिहावे. पोसलेल्या व्यक्तींच्या रकान्यात माझे पूर्ण नाव लिहावे, आणि नात्याच्या रकान्यात आई. वजावट वाया गेली तर जाऊ द्यावी. चिनयिंग, मी तुला उशिरा देते आहे आणि रिकामे देते आहे. मला याचे फार वाईट वाटते.

वरील मजकूर मास्तरांनी मला दोनदा वाचून दाखवला. तो माझाच आहे.

ठिकाण: शिनपू, शिनचू जिल्हा, राहते घर, खालची खोली.
दिनांक: प्रजासत्ताकाचे एकशे चौदावे वर्ष, बारावा महिना, नऊ तारीख.

मृत्युपत्र करणार: फान युएक्वेइ (डाव्या हाताचा अंगठा)
साक्षीदार व लेखक: पेंग ज्वोयुआन, निवृत्त शिक्षक
साक्षीदार: त्सेंग यूलान, शेजारी
साक्षीदार: लो ग्वांगहुइ, औषध विक्रेता

दुरुस्तीची नोंद: कलम ८ मधील "चिनयिंगला करात सवलत मिळावी म्हणून" हे पाच शब्द खोडले. त्या जागी "चिनयिंगने मला पोसले म्हणून" हे चार शब्द घातले. दुरुस्ती मृत्युपत्र करणारीच्या सांगण्यावरून, तिच्या मुलीच्या देखत केली. खाली पुन्हा अंगठा.