सारवलेल्या अंगणातला चेंडू

प्रिय सोनिया,

फोनवर तू “जेवले आबा, बरी आहे आबा” एवढं म्हणून ठेवून देतेस आणि माझं बोलणं तोंडातच राहतं. फौजेत होतो तेव्हा घरी पत्रं लिहायचो, ती सवय हाताला अजून आहे. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, सांभाळून घे. तुझी आई सारखी डोकावून जातेय, काय लिहिताय म्हणून. चष्म्याशिवाय तिला वाचता येत नाही, आणि चष्मा मी दडवून ठेवलाय.

इकडचं सगळं ठीक आहे. तुझा काका मेंढरं घेऊन सांगलीकडं उसाच्या पट्ट्यात उतरलाय, त्यामुळं माळ सुना पडलाय. काल तिथूनच येताना तुझा तो दगड दिसला, ज्याच्यावर चेंडू ठेवून तू फटके मारायचीस. छावणीतल्या गोल्फच्या मैदानावर माझी ड्युटी असायची. रिटायर होताना साहेबांनी दिलेली गोल्फची जुनी काठी घेऊन मी गावात उतरलो, तर आख्खी वाडी मला हसली. अर्जुनानं मेंढरं हाकायला लोखंडी काठी आणली म्हणे! हसू देत. तू ती उचललीस आणि परत खाली ठेवलीच नाहीस.

माळावर लांबचे फटके आणि अंगणात जवळचे. चेंडू पाडायला भोक म्हणून अंगणात डबा पुरून दिला होता मी तुला. तुझी आई शेणानं सारवताना हात अर्धगोल फिरवायची. चेंडू त्या रेघांवरून डब्याजवळ येऊन वळायचा आणि तू पाय आपटायचीस. मग ती तुझ्यासाठी सरळ रेघांत सारवायला लागली. तुझी आजी बडबडायची, ह्ये कसलं गं सारवान, मंगल, रान नांगरल्यावानी दिसतंय! पण तुझ्या आईनं ते सोडलं नाही.

मला गोल्फ येत नव्हता, नेमबाजी येत होती. तीच तुला शिकवली. श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, उरलेला धरून ठेवायचा आणि मगच हात हलवायचा. आमचे उस्ताद सांगायचे, गोळी सुटायच्या आधी ज्याची नजर निकालाकडं जाते, त्याची गोळी मातीत जाते. तू काठी धरून उभी राहिलीस की मी मुद्दाम परात बडवायचो, कुत्रं मोकळं सोडायचो. तुझी पापणी हलायची नाही. असली पोरगी पुण्याच्या फायनलला शेवटच्या फटक्याला चुकते म्हणजे काय? सगळे म्हणाले, दडपण आलं. अरे, दडपण आलं हे कुणीही सांगेल. कसलं आलं ते मला ठाऊक आहे, कारण मी दोरीपलीकडं तुझ्या आईच्या शेजारी उभा होतो.

ती अनवाणी उभी होती. औंधच्या यमाईला नवस बोलून बसली होती ना, पोरगी मोठी स्पर्धा जिंकेतोवर पायात चप्पल घालायची न्हाई. उन्हाळ्यात तापल्या डांबरावरून तशीच चालली, काटा रुतून पाय सुजला तरी हट्ट सोडला नाही. चेंडूपासून भोकापर्यंत आपल्या उंबऱ्याएवढंच अंतर राहिलं होतं तुझं. तू श्वास घेतलास, अर्धा सोडलास, आणि तुझी नजर चेंडूवरून सुटून दोरीकडं आली. आमच्या तोंडाकडं नाही. खाली, तिच्या पायांकडं. चेंडू भोकाच्या कडेला लागून निघून गेला.

आणि तू तरी लेक कुणाची! परतीच्या गाडीत सांगून मोकळी झालीस, आईच्या पायात चप्पल येईल तेव्हाच मी घरी येईन. साताऱ्याला आम्ही उतरलो आणि तू त्याच गाडीनं पुढं बंगळुरूला, तुझ्या सरावाच्या ठिकाणी गेलीस. एकीचा नवस, दुसरीची शपथ. तुम्हा दोघींच्या मधे माझी अडकित्त्यातली सुपारी झाली. तुझी लय आठवण येते गं. अंगणातून जाताना अजून डबा चुकवून पाय टाकतो मी.

दिवाळीला तुझी आई पहाटेच उठून अंगण सारवत होती. सगळं सरळ रेघांत. सारवण वाळलं, पण त्याच्यावर चेंडू काही फिरला नाही. ती त्या डब्याजवळ बसून राहिली. मी चहा नेऊन दिला, तो तसाच गार झाला.

परवा एकाएकी म्हणाली, आवं, औंधाला चला. म्हटलं, आता ही आणखी कसला नवस बोलतेय! डोंगर चढली, देवीची ओटी भरली, हात जोडले. काय मागितलंस म्हणून विचारलं, तर म्हणाली, काय न्हाई मागितलं. माजा नवस मला माघारी दे म्हणलं. मला जिंकल्याली पोरगी नगं, आल्याली पायजे. खाली उतरल्यावर दुकानाशी थांबली आणि चपला घेतल्या, सोनिया. निळ्या पट्ट्याच्या. सवय मोडलेली, त्यामुळं चावतात. टाचेला फोड आलाय, तरी काढत नाही. घरभर फटक फटक करत फिरतेय, आत्तासुद्धा. ही बातमी फोनवर सांगताना माझा आवाज धड राहिला नसता, म्हणून हे पत्र. तुझी शपथ आता फिटली, पोरी. जिंकून ये, हरून ये, पण ये. आणि पुन्हा कधी शेवटच्या फटक्याला उभी राहिलीस, तर एकदा बघून घे खुशाल दोरीकडं. आईच्या पायात चप्पल असेल. मग चेंडूकडं बघ.

अंगण सारवून ठेवलंय.

तुझाच,
आबा