टॉवरच्या नाल्याची बाटली

३ फेब्रुवारी, सोमवार

प्रसन्न काहीतरी लपवतोय. शंभर टक्के!

महिनाअखेरीस तळ्याच्या अभ्यासाचा आराखडा द्यायचाय. गुडगावपलीकडचं ते तळं – हिरवंगार शेवाळ, मेलेले मासे. खत नि सांडपाण्यातला, शेवाळ पोसणारा फॉस्फरस कुठल्या नाल्यातून – राहत्या उंच टॉवरच्या की गावातल्या गोठ्यांच्या – किती येतो ते थोडं मोजून बघायचं, मग कुठला नाला आधी आवरायचा ते ठरवायचं. प्रसन्न बाटल्या भरून आणतो, मी यादी करून बाहेरच्या लॅबला पाठवते. साधं काम.

आज स्टोअरमध्ये गेले, तर हा पठ्ठ्या डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनमधून बाटली भरतोय! वर चिठ्ठी – ‘टॉवरचा नाला, २’. मला बघून दचकला. "ताई, तुम्ही पाहिलंच नाही असं समजा. रिपोर्ट आला की सांगतो."

वा रे वा! म्हणजे टॉवरवाल्यांचा नाला स्वच्छ ठरणार, आणि खापर फुटणार गावातल्या गोठ्यांवर.

४ फेब्रुवारी

ड्रायव्हरला सहज विचारलं. "हां मॅडम, प्रसन्न भैया टॉवर के मॅनेजर के साथ चाय पीते हैं." घ्या! आणि घरचे मला संशयी म्हणतात. म्हणोत.

६ फेब्रुवारी, गुरुवार

राजवर्धन सरांना – आमच्या संचालकांना – सांगून टाकलं. "लेखी द्या" म्हणाले. दिलं. प्रसन्नला बोलावलं. नाकारलं नाही त्यानं, खुलासाही नाही. एवढंच – "रिपोर्ट येईपर्यंत थांबा सर. आत्ता बोललो तर बातमी लॅबपर्यंत जाईल." सर उखडलेच! लॅबवाल्यांशी त्यांची वीस वर्षांची ओळख. "उद्यापासून येऊ नकोस."

जाताना माझ्या टेबलापाशी थांबला. "ताई, ती बाटली तेवढी पाठवा. बदलू नका." बदलतेय कशाला? नुसतं पाणी ते! शून्य येणार, आणि तोच पुरावा. माझ्या हातानं पाठवली.

त्याची बायको गरोदर आहे. पण लबाडी ती लबाडी.

१२ फेब्रुवारी

रिपोर्ट नाही. सर खुशीत – "बिल्कुल बरोबर केलंत, इंदुमतीबाई."

१७ फेब्रुवारी, सोमवार

आला रिपोर्ट. टॉवरचा नाला १ – फॉस्फरस २.१. टॉवरचा नाला २ – फॉस्फरस २.३.

तीनदा वाचलं. कॅनमधल्या पाण्यात फॉस्फरस?! लॅबनं बाटल्या उघडल्याच नाहीत. चिठ्ठ्या वाचून बसल्या जागी आकडे लिहिले! प्रसन्न लॅबला तपासत होता, आणि मी त्यालाच घालवलं. मॅनेजरबरोबरचा चहाही नाल्यापर्यंत जाऊ द्यावं म्हणूनच असणार. लाज वाटते माझी मला.

धावत सरांकडे गेले. रिपोर्टकडे बघितलंही नाही. "ती दोन नंबरची ओळ काढून टाका. आराखडा आजच जाऊ दे."

१८ फेब्रुवारी

माझी तक्रार तळ्याच्या फाइलला आहे, आणि फाइल माझ्याच कपाटात. ‘शुद्ध पाणी भरताना मी स्वतः पाहिले’ – खाली सही. प्रसन्नच्या बाजूनं बोलणारा तेवढा एकच कागद.

सर सकाळपासून फाइल मागतायत. देणार नाही!