न घुसळलेला नमुना

नारायण पेठ, पुणे
२७ नोव्हेंबर २००१

प्रिय जिनत,

सलाम आणि नमस्कार दोन्ही पाठवतेय, हवा तो ठेवून घे. रोजे चालू असतील. अम्मींचे गुडघे कसे आहेत? तू वाघोलीच्या कॉलेजात शिकवतेस असं कळलं. एवढ्या लांब रोज जातेस, बसमध्ये बसायला तरी मिळतं का?

इकडे ठीक. श्रद्धाला हिंजवडीत नोकरी लागली. लेक आता आईला कॉम्प्युटर शिकवते आणि आई मुकाट्याने शिकते, बघायला ये एकदा. प्रयोगशाळेला नवा रंग दिलाय. चहा मात्र तसाच, पाणचट.

बाई गं, किती टाळू? मी हादरलेय. मागच्या आठवड्यात खाडीवर जाऊन आले. तीच खाडी, दोन वर्षांपूर्वी तू जिथून पाण्याचे नमुने आणलेस. आपल्या अहवालावर तिथं जेटी झाली, लाँचसाठी वाट खोदली. पाच वर्षं गाळ काढावा लागणार नाही, असं आपण लिहिलं होतं. एका पावसाळ्यात वाट बुजली! दिवाळीआधी लाँच ओहोटीत रुतली, चाळीस माणसं सहा तास चिखलात. कुणाला काही झालं नाही हे नशीब. मग विचारणा झाली आणि साहेबांनी मला धाडलं.

होडीतच काचेची नळी भरली, तू भरायचीस तशी. आणि बघते तर काय! मातीचे कण एकमेकांना धरून त्यांचे चांगले पुंजके झालेले, आणि ते डोळ्यांदेखत खाली उतरत होते. दहा मिनिटांत वरचं पाणी नितळ. होडीवाल्याने वल्ह्याने पाणी खसाखसा ढवळलं. ते भरलं, तर पुंजके फुटून नुसता गढूळपणा, बसायचं नाव नाही. "खारं पाणी आहे, बाई. हळू हललं की चिखल धरतं, खवळलं की सोडतं," तो म्हणाला. त्याला माहीत होतं!

आणि आपण? चाचणीआधी नमुना दहा मिनिटं मिक्सरमध्ये फिरवायचा, हा माझा नियम. एकजीव झाला की आकडे दरवेळी सारखे येतात, वहीत देखणे दिसतात. तू म्हणाली होतीस, "शैलाताई, लागलेलं दही घुसळून टाकता आणि वर म्हणता, विरजणच लागलं नाही!" मी म्हटलं, "होडी हलते म्हणून तुझे आकडे हलतात. पुण्यात टेबलं हलत नाहीत." सगळे हसले. तूसुद्धा हसलीस, तेच आता जास्त लागतंय.

तू होडीतच घेतलेल्या आकड्यांप्रमाणे गाळ माझ्या आकड्यांच्या वीसपट वेगाने बसत होता. साहेबांनी या फरकाचं कारण विचारलं, मी सांगितलं, तुझा निष्काळजीपणा. तुझं कंत्राट तिथंच संपलं.

चूक झाली, माफ कर, एवढं लिहून पाकीट बंद करता आलं असतं. पण ती चूक नव्हती गं. अहवाल द्यायच्या आदल्या संध्याकाळी, तू घरी गेल्यावर, मी एक नमुना न घुसळता, हलक्या हाताने हलवून लावला होता. तो बसला. अगदी तुझ्या आकड्याजवळ. मी तो बेसिनमध्ये ओतला आणि नळ सोडला. कॉम्प्युटरवरचे रंगीत नकाशे माझ्या आकड्यांनी तयार झाले होते, सकाळी जेटी बांधणाऱ्या कंपनीची माणसं यायची होती. आणि खरं सांगू? माझ्या वीस वर्षांच्या पद्धतीला कालची पोर खोटं पाडते, हे मला सोसवलं नाही. खाडीवर ते पुंजके बघताना आठवलं, की हे मी आधी पाहिलंय. इतकं साफ विसरले होते मी! माझीच मला भीती वाटली, जिनत.

आज सकाळी हे सगळं साहेबांना लेखी दिलं. वाचताना त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणाले, "बाई, त्या संध्याकाळचं तेवढं गाळा. बाकीचं चूक म्हणून खपून जाईल. निवृत्तीला चारच वर्षं राहिलीत तुमच्या." मी गाळलं नाही.

प्रत सोबत आहे. परत ये म्हणायला मला तोंड नाही. चौकशीत तुला बोलावतील, तेव्हा ही पुढे कर आणि माझी गय करू नकोस.

तुझे आकडे खरे होते याची,
दोन वर्षं गप्प बसलेली एकमेव साक्षीदार,
शैला