लोखंडाची हाक

सोमवार, ता. ४

ती. ताईस,
शि.सा.न.वि.वि.

बटाट्या जिवंत आहे. आज सकाळी जनावरांच्या डॉक्टरांनी स्वतः सांगितलं, म्हणजे बातमी पक्की. परवा त्यांच्याकडे एक माणूस टेम्पोतून मोठा तपकिरी कुत्रा घेऊन आला. मान फाटलेली, पुढच्या पायाचं कातडं सोलून लोंबत होतं. टाके घालता घालता डॉक्टरांची नजर डाव्या कानावर गेली. कुंपणाच्या तारेत फाटलेला तो कान गेल्या वर्षी त्यांनीच शिवला होता. कुत्रा कोणाचा म्हणून विचारताच तो माणूस औषधही न घेता कुत्र्याला टेम्पोत टाकून पळाला. आमच्या मागच्या रस्त्यावरचा भंगारवाला होता तो.

आता तू विचारशील, जिवंत आहे म्हणजे काय, तो होता कुठे? लेकीच्या बाळंतपणाला जाताना तू त्याला माझ्या भरवशावर सोडून गेलीस, म्हणून इतके दिवस कळवायला धीर होत नव्हता. गेल्या मंगळवारी भरदुपारी तो माझ्या वर्कशॉपमधून दिसेनासा झाला. गळ्यात पट्टा नव्हता. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी तू शिवलेलं चामडं जळेल म्हणून मी तो काढून खिळ्याला अडकवला होता. तुझा पत्ता कोरलेला पट्टा खिळ्यावर राहिला आणि कुत्रा गेला.

शेजारचा टायरवाला सांगतो की भंगारवाल्याच्या अंगणामागे पत्र्यांचं रिंगण आहे आणि तिथे कुत्री झुंजवतात. मागच्या नाल्यात त्याने मेलेली कुत्री पाहिली, एकाचा जबडाच जागेवर नव्हता. मी हवालदाराकडे गेलो. तो म्हणाला, कुत्रा तुमचाच कशावरून? मी कानाची खूण सांगितली. त्यावर म्हणाला, कान तर मलाही आहेत.

तू घाईने निघू नकोस. मी आणतो त्याला. हवं तेवढं रागाव, पण ते रागावणं पत्रातून पाठव.

तुझा
धाकटा

गुरुवार, ता. ७

चि. धाकट्यास,
अ.उ.आ. हे सवयीने लिहिलं. आज मनात आशीर्वाद नाहीत.

लेक बरी आहे. बाळ भूक लागली की तुझ्यासारखंच घसा फोडतं. तुझं पत्र वाचून माझे डोळे भरले, तेव्हा लेकीने विचारलं काय झालं. कांदा चिरतेय म्हटलं. हातात कांदा नव्हता, नुसती सुरी होती. तो भंगारवाला त्या वेळी समोर असता तर मी त्याला पट्ट्याच्या चामड्यासारखा फाडला असता.

पण तुला अजून कळलेलं दिसत नाही की कुत्रा गेला कसा. वर्कशॉपच्या गोंगाटात हाक ऐकू जात नाही म्हणून तू त्याला रुळाच्या तुकड्यावर सळई आपटून बोलवायला लागलास. तीन ठोके पडले की जेवण. तेव्हाच मी म्हटलं होतं, त्याला माणसाची हाक ओळखू दे, लोखंड काय, कोणीही वाजवतं. आणि भंगारवाल्याकडे दिवसभर दुसरं काय वाजतं? त्याला कोणी पळवला नाही, बाबा. तो जेवायला गेला.

आता डोकं ठिकाणावर ठेवून कर. खिळ्यावरचा पट्टा घे, डॉक्टरांना बरोबर घे, हवालदाराच्या टेबलावर पट्टा ठेव आणि पोलिसांसकटच त्या अंगणात जा. एकटा जाऊ नकोस. माझी सायकल चोरली म्हणून लहानपणी तू एकाचा दात पाडला होतास. सायकल त्याचीच निघाली होती.

माया आहे तिथेच आहे, आज फक्त तिचा आवाज चढलाय.

ताई

मंगळवार, ता. १२

ती. ताईस,
शि.सा.न.वि.वि.

अक्षर तुझ्या वहिनीचं आहे, बोलतोय मी. माझ्या उजव्या हाताची दोन्ही हाडं मोडली आहेत.

हो, एकटाच गेलो. हवालदार उद्या या म्हणाला, डॉक्टर कोणाची गाय अडली म्हणून बाहेरगावी गेले होते, आणि टायरवाला धावत सांगत आला की झुंज लागली आहे. मी सळई उचलली आणि निघालो.

पत्र्यांभोवती वीसेक माणसं ओरडत होती. एक जण पत्र्यावर पहार आपटायचा आणि त्या ठोक्यावर कुत्री एकमेकांवर सोडायचे. बटाट्याच्या तोंडात एका काळ्या कुत्र्याचा गळा होता. मी नाव घेऊन ओरडलो, त्याने वळूनही पाहिलं नाही. तेवढ्यात भंगारवाला पाइप घेऊन आला. पहिला घाव मी हातावर घेतला. कडकन आवाज आधी ऐकू आला, कळ नंतर आली. सळई डाव्या हातात घेऊन मी त्याच्या तोंडावर हाणली, तेव्हा त्याचे दात माझ्या शर्टावर पडले. तो परत आला. पाइप सळईवर आदळला, एकदा, दोनदा. तिसऱ्या खणखणाटाला बटाट्याने काळ्याला सोडलं आणि पत्रे ओलांडून आला.

मला वाटलं, माझ्याकडे आला. त्याने भंगारवाल्याचा दंड धरला आणि हाड लागेपर्यंत सोडला नाही. मग वळून माझी पोटरी धरली. ताई, त्याने मला ओळखलं नाही. सळई हातातून पडली आणि लांब घरंगळत गेली, तेव्हा कुठे त्याने तोंड उघडलं आणि थरथरत उभा राहिला. काळा कुत्रा तिथेच मेला.

रक्त वाहिल्यावर पोलीस आले. भंगारवाला इस्पितळात पहाऱ्यात आहे. बटाट्या पालिकेच्या कोंडवाड्यात आहे. पिंजऱ्याची कडी वाजली की गज चावतो, हिरड्या फुटल्यात. अधिकारी म्हणतात, सोमवारी दहा वाजता मालकिणीसमोर पिंजरा उघडू. शांत राहिला तर घरी न्या. अंगावर आला तर त्याच दिवशी इंजेक्शन. तू ये.

तुझा
धाकटा

ता. क. ताई, हे ते सांगणार नाहीत म्हणून मी लिहिते. हाड बसवताना त्यांनी हूं की चूं केलं नाही. कोंडवाड्यातून परत येताना मात्र रस्त्यात बसून रडले. – वहिनी

शुक्रवार, ता. १५

चि. धाकट्यास,
अ.उ.आ. या वेळी मनापासून.

सोमवारी पहाटेच्या गाडीने येते. लेकीने स्वतःच हाकललं मला. म्हणाली, बाळाला सांभाळायला मी आहे, त्याला कोण आहे?

आधीच सांगून ठेव. कोंडवाड्याच्या रखवालदाराने कडीला चिंध्या गुंडाळाव्यात. साखळी, काठी, काही दिसायला नको. तू किल्ल्या घरी ठेव, कमरेचा पट्टाही काढ, विजार वहिनीच्या नाडीने बांध. मी नवा पट्टा शिवलाय. बक्कल नाही, कडं नाही, चामड्याच्या वादीची गाठ आहे. पत्ता आतून कोरलाय, आणि हा पट्टा कुठल्याही खिळ्यावर जाणार नाही.

दार उघडलं की मी त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बसणार. पिल्लू असताना तो माझ्या शिवणयंत्राखाली लपायचा, तेव्हा मी अशीच बसायचे. मान त्याच्या तोंडाशी येईल हे मला ठाऊक आहे. त्याने धरली तरी तू दगडसुद्धा उचलायचा नाहीस. उचललास तर मी वाचेन, तो वाचणार नाही.

हाक कशी मारायची याचा रात्रभर विचार केला. नावाला तो वळला नाही, लोखंड आता त्याला झुंजीची आठवण देतं. मग सुचलं की पिल्लू असल्यापासून त्याने रोज एकच गोष्ट ऐकली आहे, मी तुला झापते आणि तू मला उलट बोलतोस. ते चालू असलं की तो मध्ये येऊन दोघांच्या पायांवर आडवा पडायचा.

तेव्हा सोमवारी दहाला दार उघडलं की मी तुला झापायला लागेन. सायकलपासून सुरुवात करेन. तू दुखऱ्या पायाने माझ्या शेजारी बस आणि घाबरून गप्प राहू नकोस. नेहमीसारखा भांड.

ताई