ओवाळणीतल्या गाडीचा विमा

३ नोव्हें., सोम.

आजही गाडी दारातच. भाऊबीजेला मामाने आईच्या ताटात चावी टाकली तेव्हापासून ती अंगणात उभी आहे आणि मी रोज फडक्याने पुसते आहे. "माझी नवी आली, ही आता भाचीला," असं म्हणून मामा लाडू खाऊन टाकव्याला परत गेला. लायसन हातात येऊन महिनासुद्धा झाला नाही. स्कूलच्या गाडीला दोन ब्रेक होते, एक माझ्या पायाखाली, एक सरांच्या. हिला एकच आहे, हे डोक्यातून जात नाही.

दुपारी मी तात्पुरती कामाला जाते त्या लॅबच्या मॅडमचा फोन. आंदर मावळची फेरी मला द्यायला तयार आहेत. अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या घरी जाऊन रक्त घ्यायचं आणि नमुन्यांची पेटी जेवणाच्या आत लोणावळ्यात पोचवायची. आधीची मुलगी स्कूटीवरून पडली, पेटी फुटली, म्हणून आता चारचाकीच पाहिजे. गाडी माझ्या नावावर आणि विमा फुल, तोही माझ्या नावावर. महिनाअखेरपर्यंत झालं तर कायम करणार. नाही तर दुसरी मुलगी तयार आहेच. "हो मॅडम, करते," म्हणाले. कसं करणार ते देव जाणे.

५ नोव्हें., बुध.

मोबाइलवर विम्याचे भाव बघायला गेले आणि फसले. नंबर टाकल्याशिवाय भाव दाखवत नाहीत, आणि नंबर टाकला की फोन थांबत नाहीत. लॅबमध्ये एका आजीचं रक्त घेत होते आणि माझ्या खिशात फोन थरथरत होता. आजी म्हणाली, "घे गं, घरचं कुनी असंल." घरचं कुनी नव्हतं. हिंदीत बोलणारी एक बाई होती, तिला माझी गाडी सुरक्षित ठेवायची होती.

आकडा पाहिला. पुन्हा पाहिला, तोच.

७ नोव्हें., शुक्र.

लोणावळ्याच्या बाजारातल्या विमावाल्या काकांकडे गेले. झेरॉक्स, लॅमिनेशन आणि विमा, एकाच टेबलावर. मी आधीच सांगून टाकलं, की वय तेवीस आहे, लायसन नवं आहे, म्हणून जास्त लावणार ना? काका हसले. "वय नाही बघत ताई आपल्याकडे. गाडी बघतात." मग जास्त का? तर मामाने इतकी वर्षं एकदाही भरपाई मागितली नाही, त्याची सूट त्याला मिळते. ती सूट मामाची. गाडी माझ्याकडे आली तरी सूट मामाबरोबरच राहते. म्हणजे मी शून्यापासून.

मग आवाज खाली करून म्हणाले, "नावावर करूच नका ना. मामांच्याच नावावर चालू द्या, सूट पण राहील. सगळे तसंच करतात." मी म्हटलं, लॅबला माझं नाव पाहिजे. "मग बघा बुवा." मामाची पॉलिसी वीस तारखेच्या मध्यरात्री संपते. त्याच्या आत कागद झाले तर बरं, म्हणाले. एकदा खंड पडला की गाडीची तपासणी, फोटो, आणखी चार गोष्टी.

बाहेर येऊन वडापाव खाल्ला. चव लागली नाही.

९ नोव्हें., रवि.

बाबा बंगल्यावरून उशिरा आले. शनिवार-रविवार मालक येतात, पाहुणे येतात, माळी म्हणून ठेवलेले बाबा बर्फ आणायला पळतात. जेवताना विम्याचं काढलं. "थर्ड पार्टी घे नुस्ती. लोकांचं नुकसान भागलं म्हंजे झालं. आपली गाडी काय, ठोकू पत्रा." म्हटलं, लॅबला फुल पाहिजे. आणि खरं सांगायचं तर मलाही पाहिजे. मी नवी आहे, मी ठोकणारच आहे कुठेतरी, हे बाबांना कसं सांगू? आई भात वाढत होती. दिवसभर कापणीला वाकून तिची पाठ धरली आहे.

११ नोव्हें., मंगळ.

आज थोडक्यात वाचले.

मॅडमनी फेरी आत्तापुरती करून बघायला सांगितली होती. मामाची पॉलिसी चालू आहे, लायसन माझं आहे, तेवढ्यावर हरकत नव्हती. टाकव्याच्या पुढे रस्ता अरुंद. समोरून एसटी. मी डावीकडे घेतलं, जास्तच घेतलं. आरशाला काहीतरी लागलं. थांबले. मागे एक आबा रस्त्याच्या कडेला उभे, गवताचा भारा खाली पडलेला. धावत गेले. त्यांना लागलं नव्हतं, फक्त भाऱ्याला लागलं होतं. तीनदा विचारलं. हात धरून बघितला, नाडी बघितली, जणू त्यांचंच रक्त घ्यायचं होतं.

"पोरी, आरसा तुला बघायला दिलाय, मला मारायला न्हाई." मी रडायलाच लागले, तर तेच घाबरले. भारा उचलून डोक्यावर दिला. जाता जाता म्हणाले, "कुनाची गाडी ही?" आणि माझ्या तोंडातून मामाचं नाव गेलं. सहज गेलं. "आसं व्हय. वळखतो मी. सांगतो त्याला, भाचीला म्हनावं सांभाळून चालव."

तिथेच कळलं. आबा पडले असते, डोकं दगडावर आपटलं असतं, तर पोलीस मामाच्या दारात गेले असते. कोर्टाचा कागद मामाच्या नावाने आला असता. चालवणारी मी, आणि उभा राहणार तो. काकांच्या ‘सगळे तसंच करतात’चा अर्थ हा आहे. लॅबने सांगितलं नसतं तरी आता मला ही गाडी मामाच्या नावावर चालवायची नाही.

पेटी वेळेत पोचली. एकही बाटली फुटली नाही.

१३ नोव्हें., गुरु.

काकांकडे परत. दोन तास बसले, माझ्यामुळे त्यांच्या झेरॉक्सच्या रांगेला वैताग. नको ते सगळं काढून टाकलं. गाडीची किंमत उगाच फुगवली होती, ती खाली आणली. नुकसान झालं तर सुरुवातीचा थोडा भाग मी सोसायचा, त्याने हप्ता आणखी उतरला. एका कंपनीचा भाव दुसरीला दाखवला. शेवटी आकडा माझ्या एका पगारात बसेल इतका झाला. त्या महिन्यात नवीन चप्पल नाही, बाकी काही नाही. काका म्हणाले, "ताई, तुम्ही माझ्याकडे कामाला या."

आता फक्त मामाच्या सह्या. गाडी नावावर करायचे आरटीओचे फॉर्म, एकोणतीस नंबर आणि तीस नंबर. ते फॉर्म जमा केल्याची पावती मिळाली की लगेच पॉलिसी. आज पहिल्यांदा झोप लागेल असं वाटतंय.

१५ नोव्हें., शनि.

नाही लागणार.

सकाळी टाकव्याला गेले. मामा खळ्यावर, भात झोडणी चालू, चार-पाच माणसं, मामी चहा घेऊन आलेली. मामा खुशीत. "चालवत आली? एकटी? वा रे पठ्ठी." मी फॉर्म काढले. काय आहे विचारलं, तर मीच शहाणी, सगळ्यांसमोर मराठी करून वाचून दाखवला. अमुक नंबरची गाडी मी अमुक तारखेला हिला विकली आणि ताब्यात दिली.

मामाचा चेहरा उतरला. "विकली?"

म्हटलं, मामा, तो छापील फॉर्म आहे, सगळ्यांना तोच.

"भाऊबीजेला बहिणीच्या ताटात टाकली ती मी. आन आता लिहून देऊ, विकली म्हून? ओवाळणी विकनारा भाऊ म्हनतील मला."

झोडणीवाल्यांपैकी एक हसला. त्याने आणखी बिघडलं. मी काकांनी सांगितलेलं सांगितलं, की बक्षीसपत्र जोडता येतं, पण हा फॉर्म तरी लागतोच. मग सांगितलं, काही झालं तर तुमच्यावर येईल मामा, म्हणून म्हणते. ते तर अजिबात बोलायला नको होतं. "माझ्यावर येऊ दे की. मामा कशाला आसतो? तू काय माझ्यावर इस्वास न्हाई म्हून कागद करती का?"

चहा न पिता निघाले. दुसरा गिअर पडेना, सगळे बघत होते.

१६ नोव्हें., रवि.

मामाचा बाबांना फोन. बाबा नुसते "व्हय, व्हय" करत अंगणात फिरत होते. नंतर मला म्हणाले, "कशाला दुखावलं त्यांना? चालव की त्यांच्या नावावर." मी म्हटलं, नोकरी? "दुसरी मिळंल." मला राग आला, आणि बाबांचा नाही, मामाचाही नाही, माझाच. घरात बसून नीट सांगितलं असतं तर ऐकलं असतं त्याने. मला तो फार आवडतो. लहानपणी जत्रेत खांद्यावर बसवायचा, माझे पाय दुखतात म्हणून, आणि त्याचा खांदा दुखतो असं कधी म्हणाला नाही. म्हणूनच त्याच्या डोक्यावर माझा अपघात ठेवायचा नाही.

१८ नोव्हें., मंगळ.

मामा संध्याकाळी आला. नव्या गाडीतून, एकटा. आईने पाट मांडला, पाणी दिलं. तो आईशीच बोलत राहिला, मी भिंतीला टेकून.

"सुमे, पोरीला सांग. आपल्यात कागद कशाला? भाऊ-बहिनीत कागद आला की संपलं."

आई चहा गाळत होती. गाळून झाला, कप त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "दादा, वडगावला कचेरीत मी सही केली तवा तू आसं म्हनला न्हाईस."

मला माहीत होतं, सगळ्यांच्या आया करतात तशी आईनेही हक्कसोड केली होती, आजोबांच्या जमिनीवरची. लग्नानंतर दोन वर्षांनी, मी पोटात असताना. पण या घरात त्यावर कधी कोणी बोललेलं मी ऐकलं नाही.

"त्यात काय लिवलंय मी इचारलं न्हाई. तू म्हनला हितं कर, मी हितं केली. भावानं सांगितलं म्हून. आज पोरीसाठी तू कर. काय लिवलंय त्ये नको बघू."

तिचा आवाज चढला नाही. भांडली असती तर बरं, असं मला वाटलं. मामाने कप बाजूला सारला. मग उठला, चपला घातल्या. फॉर्म मी खिडकीत ठेवले होते, ते त्याने घेतले की वाऱ्याने पडले, कळलं नाही. नंतर शोधले, नव्हते. म्हणजे घेतले.

चहा तसाच राहिला. आईने तो मोरीत ओतला आणि भांडी घासायला बसली. मी जवळ गेले तर म्हणाली, "बोलू नको काई आता."

१९ नोव्हें., बुध.

फोन नाही. मी केला नाही. काकांचा आला, "ताई, उद्या शेवटचा दिवस." मॅडमचा मेसेज, कागद कुठपर्यंत? ‘होतंय’ लिहिलं. बाबा आईशी बोलत नाहीत, आई कोणाशीच नाही. ती आज कापणीला गेली नाही, माळ्यावरचं जुनं सामान काढून उन्हात घातलं आणि परत आत ठेवलं. मला नोकरी पाहिजे. पण आईचं माहेर त्यासाठी जाणार असेल तर... पुढे लिहवत नाही.

२० नोव्हें., गुरु.

सकाळी नऊला फोन वाजला. हात पिठात होते, म्हणून स्पीकरवर घेतला. मामा.

"ये. करतो सही. मंग येतो लोनावळ्याला तुझ्याबरोबर, तुझ्या त्या काकाकडं. दुपारच्या आत ये." मग थांबला. "एकटी ये."

ठेवला.

आई चुलीपुढे होती. सगळं ऐकलं तिने. सही मिळतेय म्हणून आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाज वाटली. आई उठली, हात धुतले, आत गेली. मला वाटलं, रडायला गेली. तर दिवाळीतलं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली. म्हटलं, आई, एकटीला बोलावलंय मला.

"त्याचं घर आसंल. माझं माहेर हाय."

या गाडीत ती अजून एकदाही बसली नव्हती. मी कणकेचे हात धुऊन, लायसन पर्समध्ये टाकून, चावी शोधत हे चार शब्द लिहितेय. ती पुढच्या सीटवर जाऊन बसलीय. हॉर्न कुठे असतो ते तिला सापडलंय, आणि ती तो वाजवतेय.